दुसरा मजला

बुर्ज हम्मूदच्या त्या इमारतीत
दुसरा मजला सुरक्षित मानत.
का, ते कुणी विचारलं नाही.
तोफा सुरू झाल्या की सगळे
आमच्या जिन्यात, उशा घेऊन.

वार्तुहीबाई कॉफीचं भांडं आणायच्या,
साखर मात्र आमची.
हागोप शिंपी पत्त्यांत लबाडी करायचा,
मेणबत्ती हळूच स्वतःकडे ओढून.
बाबा स्फोट मोजायचे, मी जांभया.

एका रात्री हागोप पाणी आणायला गेला.
त्याचे पत्ते बरेच दिवस
पायरीवर पालथे पडून.
कुणी उलटून पाहिले नाहीत.

इथे लिफ्ट आहे. वीज जात नाही.
शेजाऱ्याचं नाव दारावर वाचलंय, तेवढंच.
लढाई नको गं बाई,
पण कधी उशी घेऊन
जिन्यात बसते.
परवा तो बाहेर आला, म्हणाला,
किल्ली हरवली का?
मी हो म्हटलं.