पुर्जा

रात्री दोनला पंप उचकी देतो.
नळ कुणी उघडलेला नसतो,
कुठेतरी थेंब गळत असेल, तेवढंच निमित्त.
खट्. दोन सेकंद गुरगुर. खट्.
मी अंधारात आकडे मोजते,
अकरावर आले की पुन्हा खट्.

छगनने टाकीला टिचकी मारून पाहिली,
कलिंगड घेताना मारतात तशी.
म्हणाला, ताई, थैली गई.
कंपनीच्या पुस्तकात तिला मेम्ब्रेन म्हटलंय,
घरात आम्ही फुगा म्हणतो,
सियागंजात म्हणतात ब्लॅडर.
चार नावं हाताशी
आणि वस्तू कुठेच नाही.

फाटकं रबर साडीच्या दुकानाच्या पिशवीत घालून हिंडले.
पहिला म्हणाला, कंपनीच उठली.
दुसरा म्हणाला, पूरा सेट ले जाओ मैडम, ग्यारह हजार.
तिसऱ्याने नुसता वास घेतला आणि परत दिलं.
पिशवी ठिबकत होती;
मागे वळून पाहिलं तर
लोखंडवाल्या गल्लीपासून माझीच ओली रेघ.

हकीमुद्दीनभाई नमाजला गेले होते.
वायरच्या भेंडोळ्यांमध्ये स्टुलावर बसून राहिले.
आले, चष्मा पुसला, तोंडाचं माप घेतलं.
नब्बे का है. पंचासी मिलेगा.
मी म्हटलं, चालवून घेते पंच्याऐंशीचं.
ते माझ्याकडे बघतच राहिले.
पाँच एमएम में से पूरी नर्मदा भाग जाती है, बेन.

मग आत बघून ओरडले,
लखन, वो स्कीम चौपनवाला ला.
मागच्या खोलीत मेलेले पंप रांगेने उभे असतात.
हा त्यातला एक, मोटर जळून काळी झालेली,
पोटातली थैली मात्र धडधाकट.
हकीमुद्दीनभाईंनी ती तोंडाला लावली,
गाल फुगवून हवा भरली,
तळव्याने तोंड दाबून धरलं
आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले.
एक गिऱ्हाईक वॉशर मागत होतं.
त्याला त्यांनी डोळ्यांनीच थांबवलं.
पूर्ण एक मिनिट.
हवा तशीच.

साडेतीनशे.
बिलावर काय लिहायचं, इथे ते अडले,
मग लिहिलं: पुर्जा, एक नग.

गुरुवारी पहाटे नर्मदेचं पाणी आलं.
छगनने बोल्ट आवळले,
काटा दोनवर चढला
आणि थांबला.

त्या रात्री मी पुन्हा मोजत होते.
अकरा. एकवीस. साठ.
खट् होईना तशी झोप आणखीच लांबली.
एकशे चाळीसच्या पुढे कुठेतरी
आकडे माझ्या हातून सुटले असावेत.

सकाळी जिन्यातून रेशीमवाल्यांची हाक,
अहो, शॉवर अंगाला टोचतोय!
मी पाना घेऊन खाली गेले,
स्विचचा नट
अर्धा आटा सैल केला.