रुमालाखालचा भाव

मार्केट यार्डात, तिसऱ्या गल्लीत,
एका गादीवर आम्ही दोघं.
मी रोकड लिहायचो,
नेमगोंडा मगदूम वजनं.
चौतीस वर्षं.
हळदीनं त्याच्या कानाच्या पाळ्याही पिवळ्या पडलेल्या.
पद्मलवहिनी म्हणायच्या,
ह्यांची उशी धुतली की मोरी भंडारा खेळते.

सांगलीत ज्याला त्याला नाटकाचं खूळ.
आमच्या गाळ्यातला हमालसुद्धा
गणपतीत मुकुट घालून राजा व्हायचा.
नेमगोंडा खुर्च्या मोजायचा,
भाड्याच्या, एकशे ऐंशी,
आणि दुसऱ्या अंकाआधी घरी.

तेव्हा सौदा रुमालाखाली व्हायचा.
व्यापाऱ्याचा हात, अडत्याचा हात,
वर पंचा,
आत बोटं दाबतील ती रक्कम.
थोरले मालक सांगायचे,
भाव बोटात ठेव रे, तोंडावर आणू नको.
त्यानं ते असं काही पाळलं
की थोरलीची सोयरीक मोडल्याची चिठ्ठी
गादीवरच वाचली,
घडी करून खिशात घातली,
आणि म्हणाला, हं, पुढचं पोतं.

साठी उलटली आणि यार्डात शूटिंग आलं.
गोष्टीतला व्यापारी बुडणार होता,
बाजूला बसायला दिवाणजी हवा होता.
दिग्दर्शक म्हणजे पोरगं,
ह्याच्या धाकट्याहून लहान.
म्हणालं, काका, मालक बुडालाय, धक्का दाखवा.
नेमगोंडानं पेनाला टोपण लावलं.
एवढंच.
पोरगं 'कट' म्हणायचं विसरलं.

मग बोलावणी.
वाई, भोर, कागल, एकदा तर थेट भोपाळ.
मुलीचा मामा. दुसरा पंच. कोर्टातला पट्टेवाला.
त्या माणसांना नावं नसायची;
हा घरी जुन्या रोकडवहीत लिहून ठेवायचा:
पट्टेवाला, नाव विठू, दोन मुली, डावा गुडघा दुखतो.
जमेच्या बाजूला.
पडद्यावर ह्याचंच नाव कधी नेमचंद,
कधी मकदूम,
एकदा नुसतं 'आणि इतर'.

सहा वेळा मेला.
पहिल्यांदा तिरडीवर निजला
तेव्हा वहिनी तीन दिवस बोलल्या नाहीत.
चौथ्या वेळी विचारलं,
प्रेताचे जास्त देतात का हो?

एकदा रात्री दोनला लग्नाची पंगत.
पानात खरी जिलेबी, खरा मसालेभात,
आणि हा जन्माचा जैन,
सूर्य बुडाला की पाण्याचा घोटही बंद.
कुणाला काही बोलला नाही.
रिकामी चिमूट तोंडाशी नेली,
चावला, गिळला,
पत्रावळीची कड बोटानं पुसली.
दुपारच्या खेळाला मी एकटाच गेलो होतो,
माझ्या पुढची बाई कुजबुजली,
म्हातारा किती दिवसांचा उपाशी गं.
मी अंधारात मोठ्यानं म्हणालो, नेम्या!
माना वळल्या.
खरं सांगतो, त्या दिवशी मला थोडं जळायलाही झालं.
माझ्या रोकडवहीत नुसते आकडे.

काल पहाटे स्टँडवर भेटला.
वाईची गाडी लागायची होती.
हातात पिशवी, पिशवीत धोतर आणि गुडघ्याचं तेल.
आता कोण? म्हटलं.
म्हणाला, देवळाबाहेर चपला राखणारा. तीन वाक्यं आहेत.
तीन! म्हटलं, देणार किती?
त्यानं इकडं तिकडं बघितलं,
खांद्यावरचा टॉवेल काढून
माझ्या हातावर टाकला,
आणि आत बोटं धरली.
चार.
मग अख्खा पंजा.
मग नुसता अंगठा, बराच वेळ.
मी तोंडाकडं बघत राहिलो,
तोंडावर स्टँडच्या ट्यूबलाईटचा उजेड, बाकी काही नाही.
हजार? म्हटलं. पाच? शंभरातलं?
गाडी लागली.
खिडकीतून त्यानं टॉवेल मागितला,
तो दिला.

हिशेब अजून लागत नाही.
अंगठा कशाचा होता, नेम्या?
आपल्या यार्डात अंगठ्याला आकडाच नव्हता.