हाळीचं लाकूड

तिसा नदीवर, पहाटे साडेचारला
वेन्देल सासरे नावेच्या टोकाला बसतात,
मी वल्हं धरते. पाठीला पाठ.

त्यांच्या हातात अक्रोडाचं वाकडं लाकूड,
खाली नाण्याएवढी टाच.
पाण्यावर मारलं की डुब्ब.
पुन्हा डुब्ब. मग जरा थांबून, डुब्ब.

तळाशी, बुडालेल्या वाळुंजाच्या मुळांत
माणसाच्या उंचीचा मिशाळ मासा पडलेला असतो.
भूक नसते त्याला.
तो नुसता बघायला येतो, दार कोण ठोठावतंय.

चाळीस वर्षं साखर कारखान्यात काढली,
सासऱ्यांचे दोन्ही कान तिथंच राहिले.
म्हणून दर वेळी मागं वळून विचारतात,
"बरोबर वाजलं?"
मी मान डोलावते. मला काय कळतंय!
मी सोल्नोकची, भाजीवाल्याची पोर.

आज मात्र, कोण जाणे कशी,
मान आडवी हलली.
फुटकं वाजलं होतं, रिकाम्या डब्यासारखं.

ते रागावले नाहीत.
लाकूड माझ्या मांडीवर ठेवलं
आणि वल्हं स्वतःकडे ओढून घेतलं.

पहिला फटका चुकला, अंगभर पाणी.
दुसराही.
सातवा की आठवा असेल,
मला तर काही वेगळं ऐकू आलं नाही.
पण त्यांनी बूट केव्हाच काढले होते,
अनवाणी तळवे नावेच्या फळीला टेकवून
डोळे मिटून बसले होते.

"आला," म्हणाले,
गळाची दोरी अजून सैल असताना.