झडप

झांझिबारच्या पूर्व किनाऱ्यावर, पोवळ्याच्या दगडातल्या त्या व्हिलात,
न्हाणीघराच्या दाराला एक कार्ड लटकवलेलं :
टॉवेल पुन्हा वापरा, पृथ्वी वाचवा.
खाली हिरवं पान छापलेलं.
कुठल्या झाडाचं, ते हाजी मकामेला सांगता आलं नाही,
आणि त्याला झाडं कळतात.

मी टॉवेल दोनदा वापरला
आणि स्वतःवर खूश होते.

रात्री दोनला पंप सुरू व्हायचा.
उन्हानं दिवसभरात पिऊन टाकलेला
बोटभर निळा रंग
तो गुपचूप भरून काढायचा.
भिंतीपलीकडे, दीडशे पावलांवर,
म्वानाखामिसच्या विहिरीत
दोर जरा आणखी खाली सोडावा लागायचा.

ती ओहोटीला समुद्रात उतरते,
गुडघाभर पाण्यात दोरीला शेवाळ बांधते,
गाठीवर गाठ, गाठीवर गाठ,
आणि आठ वाजता इथे येते, चादरी बदलायला.
हातावर मीठ असतंच.
परवा ते चहात आलं.
धाकटी म्हणाली, आई, साखर विसरलीस?
विसरली नव्हती.
आडातलं पोहऱ्यात येतं.

सोमवारी हाजीनं झडप बंद केली.
भांडण नाही, भाषण नाही.
चावी फिरवली
आणि विड्याच्या पुडीशेजारी खिशात टाकली.

मिलानहून मालकिणीचा फोन.
ओर्नेल्लाबाई म्हणाल्या, लोक निळ्या पाण्याचे पैसे मोजतात.
हाजी म्हणाला, आहे ना निळं पाणी,
दारातून डावीकडे. भरती साडेदहाला.

मग त्यांनी विचारलं, रोजचं किती लागतं?
त्याला लिटर येत नव्हते.
त्यानं म्वानाखामिसच्या डोक्यावरच्या बादल्यांत सांगितलं :
चाळीस.
फोनमध्ये बराच वेळ
मिलानचा पाऊस ऐकू येत राहिला.

"हंगाम संपेपर्यंत बंद ठेव," एवढंच म्हणाल्या,
"पुढचं पुढे."
दोन नंबरच्या खोलीतले त्याच दुपारी सामान बांधून गेले.

तिकडे म्हणतात, पाहुणा दोन दिवस पाहुणा,
तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या.
मला बादली मिळाली.
धुण्याचं शेवटचं पाणी, पपईच्या बुंध्याशी,
सावकाश, मुळांना कळेल असं.
निम्मं मी पायांवरच सांडलं.
म्वानाखामिस हसली, पण रिकामी बादली परत भरूनच दिली.

तलाव रोज बोटभर उतरतो.
फरशीवर पांढऱ्या रेघा उमटत गेल्यात,
दिवस मोजल्यासारख्या.
विहीर अजून खारटच आहे.
मीठ एकदा आत आलं
की पाहुण्यासारखं तारीख ठरवून जात नाही.

आणि ते कार्ड?
जेवणाच्या टेबलाचा एक पाय डुगडुगत होता.
आता डुगडुगत नाही.