दोन रंगांची रिबन

आधी लेखक की आधी पुढारी,
हे मला विचारू नकोस, पोरा.
माझ्याकडे यंत्र एकच होतं.
रिबनचा वरचा काठ काळा, खालचा लाल.
कादंबरी काळ्यात, भाषणं लालात.
लाल आधी झिजायची,
आणि फेर्राराहून नवी यायला आठवडा लागायचा.
त्या आठवड्यात वेनान्झो फेल्लेत्ती
नुसते कादंबरीकार असायचे.
बरेच हसायचे तेव्हा.

लिहून घे: उंची बेताची, डाव्या कानाने कमी ऐकू यायचं.
काळ्या सदऱ्यांच्या राज्यात तीन वर्षं बेटावर डांबलेलं.
तिथे कागद मिळेना,
म्हणून पहिली सात प्रकरणं पाठ करून आणली.
बोटीतून उतरले ते ओठ हलवतच.
त्यांच्या आईला वाटलं, पोरगा देवाच्या नादी लागला.

मी सतरा वर्षांची. माझा बाप चोरून वाम मारायचा,
ऑक्टोबरातल्या वादळी, बिनचंद्राच्या रात्री,
खाजणातले झाडून सगळे वाम मासे
समुद्राच्या ओढीने बांधाकडे सरकायचे तेव्हा.
चपटी होडी, पाच दातांचा भाला,
आणि कुठेतरी पहारेकऱ्याची शिट्टी.
पुस्तकात हे सगळं आहे.
पुस्तकातला बाप जरा शहाणा आहे, कमी पितो.
मी त्याला वाचून दाखवलं चुलीपाशी,
व्हिनेगरच्या वाफेने डोळे चुरचुरत होते दोघांचे.
शेवटी एवढंच म्हणाला,
"भाला धरायची रीत चुकलीये."
दुसऱ्या आवृत्तीत रीत बरोबर आहे. बघ, पान एकशे बारा.

मग निवडणूक, मग रोम.
"हात आहेत, जमीन नाही"
हे वाक्य मी लालात इतक्यांदा बडवलं
की 'ज'च्या जागी असतं आमचं जे अक्षर, ते झिजून गेलं.
खाजण उपसायचं, पंप बसवायचे,
तळाची जमीन बिनजमिनीच्यांना वाटायची.
पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात.
यांनी पाण्याशीच धरलं.

बाप आला, टोपी न काढता उभा राहिला.
यांनी खुर्ची पुढे केली. तो बसला नाही.
"नातवंडं शाळेत जातील, जेल्मीनो."
"जातील," बाप म्हणाला,
"बसने. होडी लागायची नाही."

दोन वर्षं पंप धडधडत होते, रात्रीसुद्धा.
मग चिखल. चिखलात वळवळणारे वाम,
आणि माणसं बादल्या घेऊन.
पहिल्यांदाच कुणी शिट्टी वाजवली नाही.
बाप गेला नाही त्या दिवशी.
त्याला सहा हेक्टर मिळाले, वर मीठ फुटलेलं.
गहू गुडघ्याएवढा आला, तोही अर्धा.
भाला त्याने घेवड्याच्या वेलाला आधार म्हणून रोवला.
वेल मात्र चांगला चढला, खोटं कशाला सांगू.

त्यानंतर अकरा वर्षं ते एकच पान सांगायचे.
"इल्दे, हे काळ्यात घे."
मी घ्यायची. कागद ओढून काढायचे.
"नको, लालात."
मतं मागायला जाणं सोडलं नाही,
लग्नं लावली, पेन्शनचे अर्ज भरले लोकांचे,
बांधावरून जाताना मात्र
डावा कान खाजणाकडे ठेवून चालायचे, तो बहिरा.

एका संध्याकाळी रिबन मध्येच अडकली,
अक्षरं उमटली वर काळी, खाली लाल.
मी पान फाडायला गेले, त्यांनी हात धरला.
ते पान हे. वाच.
"पाणी ओसरलं तेव्हा" आणि स्वल्पविराम.
पुढे काय, ते मला माहीत नाही.
टंकणाऱ्याला पुढचं माहीत नसतं.

तुझी बस सहाची ना? थांब, खाऊन जा.
वाम आता परदेशातून येतात, डबाबंद.
डब्यावरचं चित्र तेवढं
आमच्या होडीचं आहे.