उसनी करंगळी

नझिब्रोलाच्या उजव्या हाताला चारच बोटं.
करंगळी हिमदंशानं नेली, खिंडीतल्या एका फेब्रुवारीत,
आणि डाव्या हातात कायम पेन्सिल.
म्हणून मेंढरं तुशेतीच्या कुरणांवर चढली की
उन्हाळाभर ती माझी करंगळी उसनी घ्यायची.

वेधशाळा म्हणजे एक खोली, झडपांची पांढरी पेटी,
आणि एक रशियन पुस्तक, ज्यात ढगांचे फोटो
पोलिसांकडच्या फोटोंसारखे: समोरून, बाजूनं.

"हात लांब कर. कोपर सरळ.
एकेक दाणा बोटाआड झाकला गेला
तर सिरोक्युम्युलस. बर्फाचा, फार वरचा.
बोटाबाहेर उरला तर आल्टो.
मुठीएवढा असेल तर मला विचारू नकोस,
तो मेंढ्यांनाही ओळखू येतो."

मी सात वर्षांची. मला दिसायचं
नासलेलं दूध,
कातरलेली लोकर, धुण्याआधीची आणि नंतरची.
ती म्हणायची, तेही लिहिलं असतं गं,
पण रकान्यात एकच आकडा मावतो.

आकाशाचे ती आठ वाटे करायची
भाऊबंदकीतल्या जमिनीसारखे,
आणि ढगांनी किती बळकावले ते मांडायची.
धुक्याच्या दिवशी लिहायची नऊ.
आठांत नऊ!
मी हसायचे. ती हसायची नाही.
"नऊ म्हणजे मला दिसत नाही. तेही लिहावं लागतं."

ऑगस्ट सरता सरता एका सकाळी
माझ्या बापानं, बिद्झिनानं, दारातूनच विचारलं,
आजच उतरायचं, की अजून वेळ आहे?
उतरणं म्हणजे शाळा.
कड्यामागे ढगांच्या पट्टीवर बारीक बुरूज उगवत होते.
मी हात लांब केला, आणि हळूच
कोपरात वाकवला.
करंगळी केवढी झाली! सगळे बुरूज तिच्याआड.
"सिरो," मी म्हटलं.

तिनं लिहिलं.
मग माझ्याकडे पाहिलं, आकाशाकडे नाही,
आणि चार बोटांच्या तळव्यानं
माझं कोपर खालून सरळ केलं.
बोटाच्या दोन्ही बाजूंनी बुरूज बाहेर आले.
खोडरबराचा भुसा तिनं फुंकून टाकला.

दुपारी आम्ही खिंडीखालच्या तिसऱ्या वळणावर होतो
तेव्हा वर गारा पडत होत्या, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तशा.
कुत्रं मागे बघत राहिलं.
बाप काही बोलला नाही. त्याला माहीत होतं की नाही, अजून माहीत नाही.

आता तिथे खांबावर एक यंत्र आहे,
रात्री वर उजेड सोडतं आणि मोजतं.
मी रुस्तावीत टायरच्या दुकानात हिशेब लिहिते.
तिला एकदा विचारलं होतं, माझं बोट मोठं झाल्यावर काय?
"हातही वाढेल तेवढाच," ती म्हणाली होती. "आकाशाला कळणार नाही."

कधी सकाळी रस्त्याकडेला उभी राहून हात पसरते.
मिनीबसवाल्यांना वाटतं, थांबवतेय.
एखादा थांबतोही, दार उघडतो, हॉर्न वाजवतो.
मी चढत नाही.
एक डोळा मिटलेला. कोपर सरळ.