मीटर रीडिंग

दर महिन्याच्या सहा तारखेला मी निघतो.
ढवसांच्या आळीपासून फाट्यावरच्या पंक्चरवाल्यापर्यंत
एकशे चौदा मीटर.

खाण आली त्या वर्षी कळलं,
गोठ्यालाही दोन खिडक्या काढता येतात.
देरकरांनी बैल सोयऱ्याकडे धाडले,
कापसाच्या कोठीत फरशी टाकली
आणि मला म्हणाले,
"बापू, एका घराले पाच मीटर भेटन का?"
भेटले.

आठशेची खोली बावीसशेला गेली,
संडास आत असेल तर तीन हजार.
पाणी चोवीस तास, असं सांगताना
मालक स्वतःच हसायचे.

मी युनिटवरून माणूस ओळखायचो.
एकशे चाळीस : पलामूची सहा पोरं,
पाळीपाळीनं झोपणारी.
शेगडी विजेची, पंखा कधी बंद नाही,
गादीसुद्धा कधी थंड झाली नाही.
साठ : बँकेचा रोखपाल.
मे महिन्यात एकदम दोनशे दहा,
म्हणजे बायको आली, कूलर आला.

उपकेंद्रात नवी नर्स आली, सुकेशिनी वाळके.
चार दारांवर तिला आधी आडनाव विचारलं,
मग सांगितलं, खोली कालच गेली.
त्या महिन्यात त्याच चार खोल्यांचं रीडिंग मी घेतलं :
शून्य, शून्य,
शून्य,
शून्य.
तिला जागा मिळाली ती पंक्चरवाल्याच्या माडीवर.
अठ्ठावीस युनिट. इस्त्री फक्त रविवारी.

मागच्या पोळ्यापासून खाण सरकली वर्धेच्या बाजूला.
कंपनीनं तिकडेच चाळी उठवल्या, पत्र्याच्या, निळ्या.
पोरं एका रात्री ट्रकवर बसून गेली,
दोरीवर एक बनियन राहिलं.
भिंतींवर "खोली भाड्याने देणे आहे",
खालचा मोबाइल नंबर
उन्हानं अर्धा खाल्लेला.
देरकर आता पंधराशेवर आलेत,
तेही हळू आवाजात, मला एकट्याला.

पण वच्छलाबाई पिंपळशेंडेंच्या मागच्या खोलीत
महिन्याला चार युनिट पडतात.
कुलूप तर गंजलेलं.
विचारलं तर म्हणाल्या,
"सांजच्याले एक बलप लावतो मी.
रिकामी दिसली का भाव पाडते लोकं."

मी चार लिहिलं.

परवा अंधार पडता पडता परत येत होतो.
उरकुडेंच्या मागच्या खोलीत उजेड,
देरकरांच्या पाचही खोल्यांत उजेड,
आणि दोरीवर कुठंच
कोणाचा टॉवेल नाही.